एक्झॅक्ट अवकल समीकरण: तपासणी, उकल आणि हमखास चुकणाऱ्या जागा

पहिल्या कोटीच्या ज्या अवकल समीकरणाची डावी बाजू एखाद्या एकाच फलनाचे पूर्ण अवकल असते, त्याला एक्झॅक्ट अवकल समीकरण म्हणतात. त्याचे नेहमीचे रूप असे:

म डक्ष + न डय = ०

यात क्ष आणि य हे दोन चल आहेत. म आणि न ही त्या दोन चलांवर अवलंबून असणारी फलने आहेत. डक्ष आणि डय म्हणजे क्ष व य यांतील अतिसूक्ष्म वाढी. वर्गात ज्यांना डीएक्स, डीवाय म्हणतात त्याच. आता फ(क्ष, य) असे एखादे फलन असेल, की ज्याचा क्ष-सापेक्ष आंशिक अवकलज म आहे आणि य-सापेक्ष आंशिक अवकलज न आहे, तर समीकरणात डफ = ० एवढेच शिल्लक राहते. मग उत्तर फ = स, आणि स हा कोणताही स्थिरांक. सगळी खटपट असते ती हे फ शोधून काढण्याची.

परभणी, सेलू, गंगाखेड, जिंतूर या गावांतल्या महाविद्यालयांचे बी.एस्सी.चे विद्यार्थी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची परीक्षा देतात. परभणीतच वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे कृषी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. दोन्हीकडच्या गणितात हा घटक भेटतो, आणि दोन्हीकडे तो बहुधा एका ओळीच्या सूत्रावर उरकला जातो. सूत्र खोटे नाही. पण त्यामागचे फ डोळ्यांपुढे नसेल तर गणित थोडे वाकडे आले की सूत्र दगा देते, आणि कुठे दिला तेही कळत नाही. म्हणून आधी फ म्हणजे काय ते पाहणे फायद्याचे.

परभणी जिल्हा बहुतांशी सपाट असला तरी उत्तरेला जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगांचे फाटे येतात आणि दक्षिणेला गंगाखेडकडे बालाघाटचे डोंगर लागतात. अशा उंचसखल जमिनीवर क्ष हे पूर्वेकडचे अंतर, य हे उत्तरेकडचे अंतर आणि फ ही त्या जागेची उंची मानावी. मग म म्हणजे पूर्वेकडे जाताना लागणारा चढ आणि न म्हणजे उत्तरेकडे जाताना लागणारा चढ. डफ = ० म्हणजे उंची न बदलता चालणे. असे चालत गेले की जी रेघ उमटते ती समोच्च रेषा. मृदसंधारणाच्या कामात सलग समतल चर खोदतात तो याच रेघेवर. जिंतूर तालुक्यातल्या येलदरी धरणात पूर्णा नदीचे पाणी अडवले आहे. स्थिर पाण्याची काठाची रेघ हीसुद्धा समोच्च रेषाच. पाणी उतरते तशी काठाची रेघ बदलते, पण जमीन तीच राहते. फ = स या उत्तरातही तेच घडते. फ एकच, आणि स बदलेल तशी वेगळी वक्ररेषा. अवकल समीकरणाचे उत्तर एक वक्ररेषा नसून वक्ररेषांचे कुटुंब असते असे पुस्तकात लिहिलेले असते, ते हेच.

आता खरा प्रश्न येतो. कोणीतरी म आणि न अशी दोन फलने हातात दिली, तर ती एकाच जमिनीचे चढ असतील कशावरून? समजा, पूर्वेचा चढ २य आणि उत्तरेचा चढ ३क्ष असे सांगितले. (०, ०) या जागेवरून आधी पूर्वेकडे १ एकक जावे. तिथे य = ० आहे, म्हणून चढ शून्य. मग उत्तरेकडे १ एकक जावे. आता क्ष = १, म्हणून चढ ३, आणि एकूण उंची ३ ने वाढली. त्याच (१, १) या जागेवर दुसऱ्या वाटेने जाऊन पाहावे. आधी उत्तरेकडे गेले तर क्ष = ० असल्याने चढ शून्य. मग पूर्वेकडे वळले तर य = १ असल्याने चढ २, आणि एकूण उंची २ ने वाढली. एकाच जागेच्या दोन उंच्या निघाल्या. असा डोंगर जिंतुरातच काय, कुठेच असू शकत नाही. म्हणून २य डक्ष + ३क्ष डय = ० हे समीकरण एक्झॅक्ट नाही.

प्रत्येक वेळी दोन वाटांनी चालून पाहण्याची गरज पडत नाही, कारण त्यासाठी सोपी कसोटी आहे:

∂म/∂य = ∂न/∂क्ष

म-चा अवकलज य-सापेक्ष काढायचा आणि न-चा क्ष-सापेक्ष. दोन्ही तंतोतंत सारखे आले तर समीकरण एक्झॅक्ट. वरच्या उदाहरणात डावीकडे २ आणि उजवीकडे ३ येतात, म्हणून ते नापास. कसोटीचे कारण सरळ आहे. म हा फ-चा क्ष-सापेक्ष अवकलज आहे आणि त्याचाच पुन्हा य-सापेक्ष अवकलज घेतला जातो. न-च्या बाबतीत हाच क्रम उलटा होतो. फ गुळगुळीत असेल तर कोणत्याही क्रमाने दोनदा अवकलन केले तरी उत्तर एकच येते. ही कसोटी आणि पुढे येणारी इंटिग्रेटिंग फॅक्टरची कल्पना अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात ऑयलर आणि फ्रेंच गणिती क्लेरो यांच्या कामातून पुढे आली. क्लेरो यांचे या विषयावरचे निबंध १७३९ आणि १७४० सालचे आहेत. त्या वेळी त्यांचे वय सव्वीस-सत्तावीसच होते. अवकलनाचा क्रम नेमका कोणत्या अटींवर बदलता येतो याची काटेकोर सिद्धता मात्र १८७३ मध्ये जर्मन गणिती श्वार्त्झ यांनी दिली.

कसोटी लावताना होणाऱ्या चुकांत पहिला नंबर चिन्हाच्या चुकीचा. समीकरण (...) डक्ष − (क्ष² + य) डय = ० असे छापलेले असते आणि विद्यार्थी न = क्ष² + य असे लिहून मोकळा होतो. न मध्ये वजा चिन्हही येते, म्हणजे न = −क्ष² − य. समीकरण डय/डक्ष = (काहीतरी)/(काहीतरी) या रूपात दिलेले असेल तर आधी सगळे एका बाजूला आणून म डक्ष + न डय = ० हे रूप पूर्ण लिहावे आणि मगच म आणि न ओळखावेत. या एका ओळीचा कंटाळा अनेकांना महागात पडतो. दुसरी चूक म्हणजे अवकलन उलट्या चलाने करणे. म डक्ष-च्या शेजारी बसलेला असतो, तरी त्याचे अवकलन य-सापेक्ष करायचे असते.

उकल करण्याची रीत एक उदाहरण सावकाश घेऊन पाहू:

(२क्षय + ३) डक्ष + (क्ष² + ४य) डय = ०

इथे म = २क्षय + ३, म्हणून ∂म/∂य = २क्ष. न = क्ष² + ४य, म्हणून ∂न/∂क्ष = २क्ष. समीकरण एक्झॅक्ट आहे.

आता म-चे क्ष-सापेक्ष समाकलन करावे आणि तेवढ्या वेळेपुरता य हा स्थिरांक मानावा. क्ष²य + ३क्ष मिळते. नेहमीच्या समाकलनात इथे स्थिरांक मिळवला असता. पण आता य स्थिर धरला आहे, त्यामुळे त्या स्थिरांकाच्या जागी य-चे कोणतेही फलन असू शकते. म्हणून

फ = क्ष²य + ३क्ष + ग(य)

ग(य) अजून अज्ञात आहे. ते शोधायला फ-चे य-सापेक्ष अवकलन करून न-शी बरोबर करायचे: क्ष² + ग′(य) = क्ष² + ४य. दोन्हीकडचे क्ष² जाते आणि ग′(य) = ४य उरते. म्हणून ग(य) = २य². उत्तर:

क्ष²य + ३क्ष + २य² = स

या पायरीत एक छुपी तपासणी आहे, तिचा लाभ घ्यावा. ग′(य) मध्ये क्ष असलेली एकही टर्म उरता कामा नये. उरलीच, तर समीकरण एक्झॅक्ट नाही किंवा समाकलनात घोळ झाला आहे. पुढे न जाता मागे फिरावे.

सुरुवातीची अट दिलेली असेल, उदाहरणार्थ क्ष = १ असताना य = २, तर ती किंमत उत्तरात घालावी. २ + ३ + ८ = १३, म्हणून क्ष²य + ३क्ष + २य² = १३. य-ला एकट्याला डावीकडे आणण्याची गरज नसते. एक्झॅक्ट समीकरणाचे उत्तर क्ष आणि य एकत्र असलेल्या रूपातच ठेवण्याची रीत आहे. बऱ्याचदा य सुटा करता येतच नाही, आणि ओढून ताणून केला तर वर्गमुळाच्या अधिक-उण्यात नवा घोळ होतो.

आता त्या एका ओळीच्या सूत्राकडे. भारतीय पाठ्यपुस्तकांत, रायसिंघानिया किंवा ग्रेवाल यांच्या पुस्तकांसारख्या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पुस्तकांतही, उकल अशी दिलेली असते: य स्थिर धरून म-चे समाकलन करावे, न-मधल्या क्ष नसलेल्या टर्म्सचे य-सापेक्ष समाकलन त्यात मिळवावे आणि बेरीज स-बरोबर लिहावी. वरच्या उदाहरणात पहिल्या भागातून क्ष²य + ३क्ष येते आणि न-मधल्या ४य या टर्मपासून २य² येते. उत्तर तेच, वेळ अर्धा.

हे सूत्र कुठे फसते ते पाहण्यासारखे आहे. २(क्ष + य) डक्ष + २(क्ष + य) डय = ० हे समीकरण घ्यावे. एक्झॅक्ट आहे, यात शंका नाही. म-चे समाकलन करताना चतुर विद्यार्थी (क्ष + य) हा एकच चल मानून (क्ष + य)² लिहितो, आणि त्यात चूक काहीच नाही. मग न-मध्ये क्ष नसलेली टर्म २य दिसते, तिचे य² होते. उत्तर लिहिले जाते (क्ष + य)² + य² = स. हे चूक आहे. कारण (क्ष + य)² मध्ये य² आधीच आलेले होते, ते दुसऱ्यांदा मोजले गेले. कंस सोडवून समाकलन केले असते तर क्ष² + २क्षय आले असते, त्यात य² मिळवून (क्ष + य)² हे बरोबर उत्तर मिळाले असते. म्हणजे सूत्र एक अट गृहीत धरते आणि ती छापत नाही: म-च्या समाकलनात फक्त य असलेली टर्म शिरू द्यायची नाही, आणि न-मधल्या टर्म्स पूर्ण मोकळ्या करून लिहायच्या. लॉग, टॅन⁻¹ किंवा अपूर्णांक आले की या अटीकडे लक्ष राहत नाही. ग(य)-ची रीत मात्र कुठेही फसत नाही. परीक्षेत घाई असेल तर सूत्र वापरावे, पण कंसात क्ष आणि य एकत्र बांधलेले दिसले की ग(य)-चीच वाट धरावी.

उत्तर आले की ते उलटे तपासावे: फ-चे दोन्ही आंशिक अवकलज काढून म आणि न परत मिळतात का ते पाहावे. समाकलनाच्या मानाने अवकलन सोपे, त्यामुळे ही तपासणी अर्ध्या मिनिटाची. उलट वाचण्याचे कसब परभणी जिल्ह्याला जुने आहे. पाथरी म्हणजे पूर्वीचे पार्थपूर. तिथले ज्योतिर्विद ज्ञानराज यांनी १५०३ च्या सुमारास ‘सिद्धान्तसुंदर’ हा ग्रंथ लिहिला. त्यांचे पुत्र सूर्यदास यांनी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर १५४१ मध्ये ‘गणितामृतकूपिका’ ही टीका लिहिली, आणि त्यांच्याच ‘रामकृष्ण विलोम काव्या’त श्लोक सरळ वाचला तर रामाची कथा आणि उलट वाचला तर कृष्णाची कथा निघते. सूर्यदासांना उलट्या वाचनात नवा अर्थ हवा होता. इथे उलटे गेल्यावर तेच समीकरण परत मिळाले पाहिजे, नवे काही निघाले तर गडबड आहे.

कसोटीत नापास झालेले समीकरण टाकून द्यायचे नसते. २य डक्ष + ३क्ष डय = ० या मघाच्या समीकरणाला क्षय² ने गुणून पाहावे. २क्षय³ डक्ष + ३क्ष²य² डय = ० मिळते, आणि आता दोन्ही आंशिक अवकलज ६क्षय² येतात. समीकरण एक्झॅक्ट झाले, उत्तर क्ष²य³ = स. ज्या फलनाने गुणल्यावर समीकरण एक्झॅक्ट होते त्याला इंटिग्रेटिंग फॅक्टर म्हणतात; वह्यांत तो आय.एफ. या नावाने असतो.

हे का जमते? समीकरणाच्या उजव्या बाजूला शून्य आहे, त्यामुळे समोच्च रेषेची दिशा ठरते ती म आणि न यांच्या फक्त गुणोत्तराने. दोन्ही चढ एकाच प्रमाणात वाढवले किंवा घटवले तरी रेघ हलत नाही. मघाचे दोन चढ एका डोंगराचे नव्हते. पण जागोजागी योग्य प्रमाणात ताणल्यावर ते एका डोंगराचे झाले. एकाच समीकरणाला असे फॅक्टर अनेक असतात. याच उदाहरणाला १/(क्षय) हा फॅक्टरही चालतो. त्याने गुणले की (२/क्ष) डक्ष + (३/य) डय = ० असे चल सुटे झालेले रूप मिळते आणि २ लॉग क्ष + ३ लॉग य = स, म्हणजे पुन्हा क्ष²य³ स्थिर. शेजाऱ्याचा आय.एफ. वेगळा दिसला म्हणून आपला खोडायचे कारण नाही.

फॅक्टर असतो हे सिद्ध करता येते, सापडतो याची मात्र हमी नाही. म्हणून पाठ्यपुस्तके जे आकार ओळखता येतात तेवढ्यांचे नियम देतात. त्यांतला सर्वांत कामाचा नियम असा: (∂म/∂य − ∂न/∂क्ष) ÷ न या भागाकारात य पूर्ण नाहीसा होऊन फक्त क्ष उरला, तर त्या भागाकाराचे क्ष-सापेक्ष समाकलन करावे आणि ते ई-च्या घातात ठेवावे, तोच आय.एफ. उदाहरणार्थ,

(३य² + ४क्ष) डक्ष + २क्षय डय = ०

∂म/∂य = ६य, ∂न/∂क्ष = २य, फरक ४य. त्याला २क्षय ने भागले की २/क्ष. य गेला. २/क्ष-चे समाकलन २ लॉग क्ष, आणि ते ई-च्या घातात गेले की क्ष². सगळ्याला क्ष² ने गुणावे: (३क्ष²य² + ४क्ष³) डक्ष + २क्ष³य डय = ०. उत्तर क्ष³य² + क्ष⁴ = स. गुणल्यानंतर कसोटी पुन्हा लावावी. इथेही दोन्ही बाजूंना ६क्ष²य येते.

याचाच जुळा नियम य-साठी आहे, पण त्यात वजाबाकीचा क्रम उलटतो आणि भागायचे असते म ने: (∂न/∂क्ष − ∂म/∂य) ÷ म. यात फक्त य उरायला हवा. य डक्ष + (२क्ष − य²) डय = ० मध्ये २ − १ = १, त्याला य ने भागून १/य, म्हणून आय.एफ. य. गुणल्यावर य² डक्ष + (२क्षय − य³) डय = ०, आणि उत्तर क्षय² − य⁴/४ = स. पहिल्या नियमात म-चा अवकलज आधी आणि भाजक न. दुसऱ्यात न-चा अवकलज आधी आणि भाजक म. एवढे जोडीने लक्षात ठेवले की चिन्ह चुकत नाही.

म आणि न दोन्ही समघाती असतील, म्हणजे त्यांच्या प्रत्येक टर्ममधल्या घातांची बेरीज सारखी असेल, तर १/(मक्ष + नय) हा फॅक्टर चालतो. अट एवढीच की मक्ष + नय शून्य नसावे. य² डक्ष + (क्ष² − क्षय) डय = ० मध्ये मक्ष + नय = क्ष²य येते. त्याने भागून (य/क्ष²) डक्ष + (१/य − १/क्ष) डय = ०, आणि उत्तर लॉग य − य/क्ष = स. म-मध्ये य आणि न-मध्ये क्ष बाहेर काढल्यावर आत फक्त क्षय या गुणाकाराची फलने उरत असतील तर १/(मक्ष − नय) वापरतात.

हे सगळे नियम पाठ करण्यापेक्षा काही ठरावीक जोड्या नजरेत बसवणे जास्त उपयोगाचे. य डक्ष + क्ष डय म्हणजे ड(क्षय). क्ष डय − य डक्ष दिसले की त्याला कशाने भागायचे ते बाकीच्या टर्म्स पाहून ठरवावे: क्ष² ने भागले तर ड(य/क्ष), क्षय ने भागले तर ड लॉग(य/क्ष), क्ष² + य² ने भागले तर ड टॅन⁻¹(य/क्ष). क्ष डक्ष + य डय म्हणजे क्ष² + य² च्या अवकलाचा निम्मा भाग. उदाहरण घ्यायचे तर य(१ + क्षय) डक्ष + क्ष(१ − क्षय) डय = ० हे. नियमाने गेले तर मक्ष − नय = २क्ष²य², मग अपूर्णांकांची रांग. नुसते कंस सोडवले तर (य डक्ष + क्ष डय) + क्षय(य डक्ष − क्ष डय) = ० दिसते. क्ष²य² ने भागावे: पहिला गट ड(क्षय)/(क्षय)², दुसरा डक्ष/क्ष − डय/य. उत्तर लॉग(क्ष/य) − १/(क्षय) = स. दोन ओळी.

भागाकार करताना एक गोष्ट हातून निसटते. क्ष किंवा य असलेल्या राशीने भागणे म्हणजे ती राशी शून्य नाही असे मान्य करणे. य² डक्ष + (क्ष² − क्षय) डय = ० या समीकरणात य = ० ही रेषा घालून पाहावी: डय = ० होते, पहिली टर्मही शून्य होते, समीकरण पाळले जाते. क्ष = ० चेही तसेच. ही दोन्ही उत्तरे खरी आहेत, पण क्ष²य ने भागताना ती गळली आणि लॉग य − य/क्ष = स या कुटुंबात ती कोणत्याही स-ला परत येत नाहीत. ती वेगळी लिहावी लागतात.

कसोटीलाही एक मर्यादा आहे, पदवीच्या वर्गात ती सहसा सांगितली जात नाही. म = −य/(क्ष² + य²) आणि न = क्ष/(क्ष² + य²) घेतले तर कसोटी पूर्ण उतरते. फ म्हणून कोन मिळतो, टॅन⁻¹(य/क्ष). पण (०, ०) भोवती एक पूर्ण फेरी मारून सुरुवातीच्या जागी आले की हा कोन ३६० अंशांनी वाढलेला असतो. म्हणजे एकाच जागेला पुन्हा दोन किमती. कारण (०, ०) या बिंदूवर म आणि न अस्तित्वातच नाहीत, त्या प्रदेशाला तिथे भोक आहे. ज्या प्रदेशाला भोक नाही तिथेच ‘कसोटी उतरली म्हणजे फ मिळालेच’ असे ठामपणे म्हणता येते. हे समीकरण फक्त उजव्या अर्ध्या प्रतलात, क्ष > ० असताना, सोडवले तर काहीच अडचण येत नाही.

इंटिग्रेटिंग फॅक्टरचे सर्वांत मोठे उदाहरण गणिताच्या नव्हे, भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. एक मोल आदर्श वायूला दिलेली उष्णता क डत + (रत/घ) डघ अशी लिहितात. त हे केल्व्हिनमधले तापमान, घ हे घनफळ, र हा वायूचा स्थिरांक आणि क ही स्थिर घनफळाची उष्माधारकता. कसोटी लावली तर पहिल्या राशीचा घ-सापेक्ष अवकलज शून्य आणि दुसरीचा त-सापेक्ष अवकलज र/घ. म्हणजे ही राशी एक्झॅक्ट नाही, आणि म्हणूनच वायूत ‘किती उष्णता साठली आहे’ हा प्रश्न निरर्थक ठरतो. ती कोणत्या वाटेने दिली यावर सगळे अवलंबून. पण १/त ने गुणले की (क/त) डत + (र/घ) डघ उरते आणि ते एक्झॅक्ट आहे. त्यामागचे फलन क लॉग त + र लॉग घ. याच राशीला जर्मन भौतिकशास्त्रज्ञ क्लाउझियस यांनी १८६५ मध्ये एन्ट्रॉपी हे नाव दिले. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याने गणिताच्या आणि भौतिकीच्या पेपरांत भेटणारी ही एकच गोष्ट आहे हे ओळखले तर दोन्हीकडचे पाठांतर निम्मे होते.

प्रश्नपत्रिकेत समीकरणाचा प्रकार सांगितलेला नसेल तर पाहण्याचा क्रम असा ठेवावा. चल सरळ वेगळे होतात का, ते आधी. होत असतील तर बाकी काही करू नये. मग एक्झॅक्टची कसोटी, कारण तिला दोनच अवकलज लागतात. ती नापास झाली तर फरकाला आधी न ने आणि मग म ने भागून पाहावे. त्यानंतर समघात आणि ओळखीच्या जोड्या. कसोटीची ओळ उत्तरपत्रिकेत लिहायलाच हवी. नुसते उत्तर बरोबर असूनही समीकरण एक्झॅक्ट असल्याचे दाखवले नाही तर मांडणी अर्धवट राहते.

सरावासाठी तीन समीकरणे:

(३क्ष²य + १) डक्ष + (क्ष³ − २य) डय = ०

(२य + ३क्ष) डक्ष + क्ष डय = ०

(क्षय² + य) डक्ष − क्ष डय = ०

पहिले सरळ एक्झॅक्ट आहे; उत्तर क्ष³य + क्ष − य² = स. दुसऱ्याचा आय.एफ. क्ष, उत्तर क्ष²य + क्ष³ = स. तिसऱ्याला य² ने भागावे; क्ष²/२ + क्ष/य = स मिळेल. त्यात य = ० हे उत्तर वेगळे लिहिले नसेल तर उकल अपुरी आहे.